अर्थमंत्र्याचा नकार

दरवर्षीं फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस देशाचे अर्थमंत्री लोकसभेंत अंदाजपत्रक मांडतात, आणि त्या दिवशीं सायंकाळपर्यंत गांवोगांवच्या पारांवर व शहरांतील कचेऱ्यांतून एकच चर्चा चालू असते : काय स्वस्त झालें, काय महागलें, आणि आमच्या पदरांत काय पडलें. ही जिज्ञासा स्वाभाविक आहे. ज्याच्या घरीं महिन्याची तोंडमिळवणी करणें कठीण, त्यानें ती दाखवूं नये असें कोण म्हणेल? परंतु या चर्चेंत अर्थमंत्र्याचें जें चित्र लोकांच्या मनांत उभें राहतें, तें एखाद्या उदार यजमानाचें असतें. पंगत बसली आहे, यजमान वाढतो आहे, आणि ज्याच्या पानांत लाडू कमी पडला तो रुसला आहे, असा हा देखावा होय. या देखाव्यांत एक गोष्ट सर्वस्वीं विसरली जाते. ती ही कीं, लाडवांचा शिधा पंगतीला बसलेल्यांच्याच घरून आलेला आहे. अर्थमंत्री यजमान नव्हे. तो विश्वस्त आहे. आणि विश्वस्ताची परीक्षा त्यानें किती वाटलें यावर होत नसते. दुसऱ्याच्या द्रव्याला हात घालूं पाहणारास त्यानें किती वेळां व किती निश्चयानें अडविलें, यावर होत असते.

मंत्रिमंडळाची घटनाच अशी आहे कीं, त्यांतील बहुतेक सर्व मंत्री खर्च करणारे असतात. शिक्षणमंत्री शाळा मागतो, संरक्षणमंत्री तोफा मागतो, आरोग्यमंत्री इस्पितळें मागतो. आणि यांपैकीं एकाचीहि मागणी वाईट नसते. वाईट मागणीस नकार देण्यास शौर्य लागत नाहीं. दहा चांगल्या मागण्या एकदम पुढें याव्या, पैसा मात्र सहांपुरताच असावा, आणि उरलेल्या चारांस कोणीतरी नाहीं म्हणावें, हा खरा पेंच आहे. ज्याच्या खिशांतून हा पैसा येतो तो शेतकरी, कामकरी, दुकानदार मंत्रिमंडळाच्या बैठकींत हजर नसतो. त्या गैरहजर करदात्याची वकिली करण्यास तेथें एकच माणूस बसलेला असतो, आणि तो म्हणजे अर्थमंत्री. त्याच्या हाताखालीं राज्यमंत्री असतात, सचिव असतात, हिशेबनीस असतात. परंतु करदात्याचें वकीलपत्र अखेर त्या एकाच्याच नांवें आहे.

आपल्या देशास हें पद नवीन नाहीं. १६७४ सालीं शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकसमयीं अष्टप्रधानांचे अधिकार मुक्रर झाले, तेव्हां जमाखर्चाच्या प्रमुखास पूर्वीच्या मुजुमदार या नांवाऐवजीं अमात्य ही संज्ञा मिळाली. परंतु अमात्याचा जाब घेणारा राजा होता. इंग्रजी अमलांत १८६० सालीं जेम्स विल्सन यांनीं हिंदुस्थानचें पहिलें अंदाजपत्रक मांडलें आणि त्याबरोबर या देशावर प्राप्तीवरील कर बसविला. तेव्हां अर्थसचिवाचा जाब घेणारा लंडनमधील भारतमंत्री होता. कर देणारा येथें, जाब घेणारा सातासमुद्रांपलीकडे, अशी ती व्यवस्था होती. १८९२ च्या कायद्यानें कायदेमंडळांतील सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. मत देण्याचा अधिकार मात्र मिळाला नाहीं. त्याच अपुऱ्या अधिकाराच्या बळावर १९०२ च्या मार्चांत नामदार गोखले कलकत्त्याच्या कौन्सिलांत उभे राहिले. सरकार शिलकेचा डांगोरा पिटत होतें. गोखल्यांनीं सरकारचेच आंकडे घेऊन दाखवून दिलें कीं, दुष्काळानें गांजलेल्या देशांत वर्षामागून वर्ष शिल्लक पडत असेल, तर ती भरभराटीची खूण नसून रयतेकडून जरुरीपेक्षां अधिक कर उकळल्याची खूण आहे. पुढच्याच वर्षीं, १९०३ सालीं, मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. मत नसतांना केवळ हिशेबाच्या धारेनें एवढें साधतें, हें त्या प्रसंगानें दाखविलें.

याच्या उलट बाजूचा धडा १९२३ सालीं मिळाला. सरकारनें मिठावरील कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचें योजिलें. लोकनियुक्त असेंब्लीनें तें नाकारलें. आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं आपल्या विशेषाधिकाराच्या शिक्क्यानें तें मंजूर ठरविलें. प्रतिनिधींच्या नकारास काडीइतकीहि किंमत नसणें, हेंच पारतंत्र्याचें आर्थिक स्वरूप होय. स्वराज्याची व्याख्या अनेकांनीं अनेक प्रकारें केली आहे. आमच्या मतें तिचा गाभा असा : आमच्या पैशाचा हिशेब मागण्याचा आणि तो न पटल्यास पैसा अडवून धरण्याचा अधिकार.

१९५० च्या राज्यघटनेनें हा अधिकार आम्हांस पूर्णपणें दिला. कायद्याच्या आधारावांचून कोणताहि कर बसवितां किंवा वसूल करितां येणार नाहीं, असें २६५ वें कलम सांगतें. सरकारास मिळणारें उत्पन्न व काढलेलीं कर्जें २६६ व्या कलमानें एकत्रित निधींत जमा होतात, आणि त्या निधींतून संसदेच्या कायद्यावांचून एक पैहि बाहेर काढतां येत नाहीं. वर्षाचा जमाखर्च ११२ व्या कलमान्वयें संसदेपुढें ठेवावा लागतो. खर्चाच्या मागण्या ११३ व्या कलमान्वयें लोकसभेपुढें जातात, आणि लोकसभेस त्या मान्य करण्याचा, नाकारण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार आहे. झालेला खर्च तपासण्यास १४८ व्या कलमानें स्वतंत्र महालेखापरीक्षक नेमला आहे. कागदावर याहून बळकट कुलूप कोणत्याहि देशाच्या तिजोरीस क्वचितच असेल. प्रश्न एवढाच आहे कीं, किल्ली ज्याच्या हातीं दिली त्याच्या मनगटांत बळ किती, आणि त्याच्यावर नजर ठेवणारे जागे किती.

स्वतंत्र हिंदुस्थानचा आरंभींचा काळ या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. जॉन मथाई यांनीं १९५० सालीं अर्थमंत्रिपद सोडलें. नियोजन मंडळ हें मंत्रिमंडळाच्या डोक्यावर बसून अर्थखात्याची जबाबदारी पोकळ करील, ही त्यांची मुख्य तक्रार होती. त्यांच्या जागीं आलेले चिंतामणराव देशमुख हे कुलाबा जिल्ह्यांतील महाडजवळच्या नाते गांवचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर. त्यांनीं सहा वर्षें तिजोरी सांभाळली आणि १९५६ सालीं मुंबई केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याच्या धोरणाचा निषेध म्हणून राजीनामा दिला. महाराष्ट्र त्या राजीनाम्याकडे आजहि अभिमानानें पाहतो, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यांतील एक मुद्दा आमच्या अभिमानाच्या भरांत मागें पडला. मुंबईपुरतीच देशमुखांची तक्रार नव्हती. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळांत रीतसर विचार न होतां जाहीर व्हावा, हें त्यांस मान्य नव्हतें. ज्या मंत्रिमंडळांत विचार न होतां निर्णय होतात, तेथें अर्थमंत्र्याच्या नकारास जागाच उरत नाहीं.

परंतु या पदाचा खरा अर्थ समजून घ्यावयाचा असेल, तर १९५८ सालच्या पहिल्या दोन महिन्यांकडे वळावें. त्या दोन महिन्यांत दोन देशांच्या अर्थमंत्र्यांनीं राजीनामे दिले, आणि दोघांचीं कारणें एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या.

जानेवारींत इंग्लंडचे अर्थमंत्री पीटर थॉर्नीक्रॉफ्ट यांनीं मंत्रिमंडळापुढें आग्रह धरला कीं, येत्या वर्षाचा सरकारी खर्च चालू वर्षापेक्षां वाढतां कामा नये. वादाचा फरक अखेर सुमारें पांच कोटी पौंडांवर येऊन ठेपला होता. इंग्लंडसारख्या श्रीमंत राष्ट्राच्या जमाखर्चांत ही रक्कम मोठी नव्हे. परंतु पंतप्रधान मॅकमिलन व इतर मंत्री ऐकेनात, तेव्हां थॉर्नीक्रॉफ्ट यांनीं पद सोडलें, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या खात्यांतील दोन्ही दुय्यम मंत्रीहि बाहेर पडले. रकमेपेक्षां तत्त्व मोठें होतें : अर्थमंत्र्याचा नकार मानला जाणार नसेल, तर त्या खुर्चीवर बसणें म्हणजे करदात्याची फसवणूक करणें होय.

फेब्रुवारींत आमचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं राजीनामा दिला. हकीकत अशी. आयुर्विमा महामंडळ १९५६ सालीं स्थापन झालें, आणि लाखों मध्यमवर्गीय कुटुंबांची म्हातारपणची पुंजी त्यांत गोळा झाली. १९५७ च्या जून महिन्यांत या महामंडळानें हरिदास मुंदडा या व्यापाऱ्याच्या सहा कंपन्यांचे सुमारें सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी केले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीस विचारण्यांत आलें नव्हतें. डिसेंबरांत फिरोज गांधी यांनीं हें प्रकरण लोकसभेंत उघडकीस आणलें. ते सत्ताधारी पक्षाचे सभासद आणि खुद्द पंतप्रधानांचे जांवई. परंतु करदात्यांच्या व विमेदारांच्या पैशापुढें त्यांनीं पक्ष पाहिला नाहीं, नातें पाहिलें नाहीं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति छागला यांच्याकडे चौकशी सोंपविण्यांत आली. त्यांनीं ती मुंबईस उघडपणें चालविली आणि महिन्याभराच्या आंत निकाल दिला.

या चौकशींतील कायद्याचा मुद्दा प्रत्येक नागरिकानें ध्यानांत ठेवावा असा आहे. मंत्र्यांचा बचाव असा होता कीं, हा व्यवहार आपल्या पूर्ण संमतीवांचून सचिवानें केला. छागलांनीं तो बचाव स्वीकारला नाहीं. हाताखालच्या माणसानें केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच आहे. सचिवास पुढें करून त्यास तींतून सुटतां येणार नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला. आमच्या कोर्टकचेरीच्या भाषेंत सांगावयाचें तर, मुखत्याराच्या हातून झालेल्या व्यवहारानें मालक बांधला जातो. सचिव संसदेंत बसत नाहीं. संसदेस तो दिसत नाहीं. संसदेस दिसतो तो मंत्रीच. त्यानेंहि अंग झटकलें, तर लोकांनीं जाब विचारावयाचा तरी कोणास ?

इंग्रज मंत्री बाहेर पडला, कारण त्याचा नकार कोणी ऐकला नाहीं. आमचा मंत्री बाहेर पडला, कारण जेथें नकार द्यावयास हवा होता तेथें त्याच्या खात्यांतून होकार गेला. नकार देण्याचा अधिकार आणि होकाराची जबाबदारी, हे या पदाचे दोन खांब होत. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. थॉर्नीक्रॉफ्ट १९६० सालीं पुन्हां मंत्रिमंडळांत आले; कृष्णम्माचारी १९६३ सालीं पुन्हां अर्थमंत्री झाले. तत्त्वासाठीं किंवा जबाबदारीसाठीं दिलेल्या राजीनाम्यानें माणूस बुडत नाहीं. पदास चिकटून राहणारांनीं ही भीति मनांतून काढून टाकावी.

नकार देणारा कोणी नसला म्हणजे काय होतें, याचीहि उदाहरणें आहेत. सरकारच्या खात्यांतील शिल्लक ठरावीक रकमेखालीं गेली कीं रिझर्व्ह बँकेनें तात्पुरत्या हुंड्या घेऊन ती आपोआप भरून काढावी, अशी सोय १९५५ सालीं करण्यांत आली. तेव्हां अर्थमंत्री खुद्द देशमुख होते. सोय अडीअडचणीची होती. परंतु पुढें तीच नित्याची झाली. तूट पडली कीं नवीन चलन, आणि नवीन चलन आलें कीं महागाई. अर्थमंत्री सज्जन आहे, तेव्हां सोय निर्धोक आहे, हा युक्तिवाद किती फसवा असतो हें यावरून दिसतें. सज्जन जातो, सोय राहते. चलनवाढीनें होणारी महागाई हा एक करच आहे, आणि तो असा कर आहे कीं ज्यास कोणीहि लोकसभेंत मत दिलेलें नसतें. २६५ व्या कलमाचें अक्षर त्यानें मोडत नसेल; आत्मा खास मोडतो. श्रीमंताजवळ जमीन असते, सोनें असतें. रोजंदारीवर राबणाऱ्या बाईजवळ रोख नाण्याशिवाय कांहीं नसतें, आणि हा कर नेमका तिच्या कनवटीस हात घालतो. रिझर्व्ह बँक व सरकार यांच्यांत १९९४ सालीं झालेल्या करारानें ही रीत क्रमाक्रमानें मोडीत निघाली आणि १९९७ च्या एप्रिलपासून ती बंद झाली. परंतु त्यापूर्वींच १९९१ साल येऊन गेलें होतें. ऐंशीच्या दशकांत प्रत्येक मागणीस होकार मिळत गेला, १९९०-९१ सालीं केंद्राची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारें ८ टक्क्यांवर पोहोंचली, आणि अखेर देशाचें सोनें परदेशीं गहाण टाकण्याची पाळी आली. घरांतील सोनें सावकाराकडे जातांना काय वाटतें, हें मराठी वाचकास वेगळें सांगणें नको.

यावर कोणी म्हणेल, दरिद्री देशास कंजूष कारभारी काय कामाचा ? भुकेल्यास हिशेब दाखवून पोट भरतें काय ? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आमच्याच महाराष्ट्रानें देऊन ठेवलें आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळांत मागेल त्यास काम देण्याची जी योजना येथें राबली, तिच्या मुळाशीं वि. स. पागे यांची कल्पना होती. ती कायम चालवावयाची तर पैसा कोठून आणावा ? १९७५ सालीं सरकारनें व्यवसायकर बसविला. शहरांतील पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनीं थोडें थोडें द्यावें, सरकारनें आपल्या तिजोरींतून तेवढीच भर घालावी, आणि त्यांतून खेड्यांतील मजुरास काम मिळावें, अशी ती योजना होती. १९७७ सालीं तिचा कायदा झाला. यास आम्ही आदर्श होकार म्हणतों. कोणास द्यावयाचें, कोणाकडून घ्यावयाचें आणि कशासाठीं, हें सर्व उघड सांगून लोकांची संमति घेतली गेली. नकाराचा हेतु गरिबाचें पान रिकामें ठेवणें हा नाहीं. ज्या होकाराचा उगम दाखवितां येत नाहीं तो देऊं नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. २०२०-२१ च्या महामारीच्या वर्षीं केंद्राची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९·२ टक्क्यांवर गेली. त्या वर्षीं हात आखडता घेणें क्रूरपणाचें झालें असतें. उलट, पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकांत अन्न महामंडळाच्या नांवावर अल्पबचतीच्या निधींतून काढण्यांत येणारीं कर्जें थांबवून अन्नावरील अर्थसाहाय्याचा बोजा सरकारच्या स्वतःच्या वहींत लिहिला गेला, हें चांगलें झालें. तूट मोठी दिसली, परंतु दिसली. लपविलेल्या लहान तुटीपेक्षां उघड असलेली मोठी तूट अधिक प्रामाणिक होय.

मग दोष कोठें आहे ? आमच्या मतें तो मुख्यतः दोन ठिकाणीं आहे. पहिला संसदेंत. २०१८ च्या मार्चांत आणि पुन्हां २०२३ च्या मार्चांत लोकसभेनें गोंधळांतच सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेवांचून मंजूर केल्या. २०२३ सालच्या अंदाजपत्रकाचा आंकडा सुमारें ४५ लाख कोटी रुपयांचा होता. एखादी सहकारी पतपेढीहि आपल्या वार्षिक सभेंत ताळेबंदावर दोन प्रश्न विचारूं देते. देशाचा ताळेबंद मात्र एका प्रश्नावांचून मंजूर होतो! सरकार पक्ष विरोधकांकडे बोट दाखवितो, विरोधक सरकारकडे दाखवितात. आम्हांस त्या भांडणांत पडावयाचें नाहीं. गोखल्यांस मत नव्हतें, तरी ते आंकड्यांचा अभ्यास करून बोलले. यांच्या हातीं मत आहे, आणि तें यांनीं न बोलतां देऊन टाकलें. इतकें सांगितलें म्हणजे पुरे.

दुसरा दोष वित्तविधेयकाच्या दुरुपयोगांत आहे. धनविधेयक म्हणजे काय हें ११० व्या कलमानें सांगितलें आहे, आणि त्यांतील ‘केवळ’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे : केवळ कर, कर्ज, निधि व तत्संबंधीं गोष्टींचें जें विधेयक, तेंच धनविधेयक. असल्या विधेयकांत राज्यसभेस बदल करितां येत नाहीं. तिनें चौदा दिवसांत शिफारशी करून तें परत पाठवावयाचें, आणि त्या मानणें न मानणें लोकसभेच्या मर्जीवर. २०१७ सालच्या वित्तकायद्यांतून न्यायाधिकरणांची रचना बदलण्यांत आली, आणि निवडणूक रोख्यांची वाटहि त्याच कायद्यानें मोकळी झाली. न्यायाधिकरणांच्या नेमणुकांविषयींचे नियम सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं रद्द केले. रोख्यांची योजना २०२४ च्या फेब्रुवारींत घटनाबाह्य ठरविली. अर्थमंत्र्याची पेटी ही जमाखर्चाची पेटी आहे. इतर खात्यांचा माल जकात चुकवून आंत नेण्याची ती गोणी नव्हे. अशा वेळीं अर्थमंत्र्यानें आपल्या सहकाऱ्यांस सांगितलें पाहिजे कीं, हा माल माझ्या गाडींत चढणार नाहीं.

म्हणून आमचें मागणें असें आहे. अंदाजपत्रकाच्या अधिवेशनांत निदान प्रमुख खात्यांच्या मागण्यांवर चर्चा झाल्यावांचून त्या मतास टाकूं नयेत, आणि त्यासाठींचे दिवस नियमानेंच राखून ठेवावेत. वित्तविधेयकांत कराच्या व खर्चाच्या बाबींखेरीज दुसरें कांहीं घालूं नये. एन. के. सिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०१७ सालीं जें स्वतंत्र वित्त मंडळ सुचविलें, तें कायद्यानें स्थापन करावें, म्हणजे अर्थमंत्र्याचे आंकडे तपासणारा एक निःपक्षपाती डोळा खर्च होण्यापूर्वींच उघडा राहील. महालेखापरीक्षकाचा डोळा खर्च झाल्यानंतर उघडतो. आणि लेखापरीक्षणाचे अहवाल सरकारच्या सोयीनें पडून न राहतां ठरावीक मुदतींत संसदेपुढें यावेत.

परंतु सरकाराकडे मागणें मागून आमचें कर्तव्य संपत नाहीं. अर्थमंत्र्यानें नाहीं म्हणावें अशी अपेक्षा करावयाची, आणि त्यानें आपल्या जातीस, आपल्या धंद्यास, आपल्या जिल्ह्यास नाहीं म्हटलें कीं मोर्चा काढावयाचा, ही आमची रीत आहे. निवडणुकीच्या तोंडावर जो पक्ष अधिक वाटण्याचें वचन देतो त्याच्यामागें आपण जातों, आणि पैसा कोठून आणणार हा प्रश्न विचारणारास अरसिक ठरवितों. अशा लोकांस कणखर अर्थमंत्री मिळावा तरी कसा ? येत्या फेब्रुवारींत अंदाजपत्रक येईल, तेव्हां वाचकांनीं स्वस्त-महागाची यादी खुशाल वाचावी. परंतु तिच्याआधीं तीन आंकडे पाहावे : रुपयांतील किती भाग कर्जाऊ आणला, किती भाग जुन्या कर्जाच्या व्याजांत गेला, आणि कोणत्या खात्याच्या मागणीवर लोकसभेंत एक शब्दहि बोलला गेला नाहीं. मग आपल्या मतदारसंघाच्या खासदारास एक पत्र लिहावें, आणि त्यानें या तिन्ही आंकड्यांविषयीं संसदेंत काय विचारलें, तें त्याला विचारावें. एक पत्र त्यास रद्दींत टाकतां येईल. एका मतदारसंघांतून हजार पत्रें गेलीं, तर त्यास तोंड उघडावें लागेल.